तक्तपोशी

स्वयंपाकघराच्या छताला नक्षीदार पट्ट्या मढवायला आलेला कारागीर त्या कामाला ‘सिलिंग’ म्हणतो, दुकानदार ‘पीव्हीसी’ म्हणतो आणि जिन्यात भेटलेल्या शेजारच्या काकू ‘पीओपी का नाही केलंत?’ असं विचारतात. मराठीत या कामाला एक जुना, भारदस्त शब्द होता. तक्तपोशी. फारसीत तख्ता म्हणजे फळी आणि पोशीदन म्हणजे पांघरणं. हाच ‘पोश’ पलंगपोसात आहे, पायपोसात आहे, आपल्या पोशाखातही आहे. छताला कपडे घालायची ही भाषा.

वाड्यात हे कपडे मिळत ते दिवाणखान्याला. तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट आणि पाटांवर मातीचा थर, अशी देशावरच्या माळवदाची रचना. माती कितीही चोपली तरी फटींतून झरायचीच. बैठकीवर बसलेल्या पाहुण्याच्या पागोट्यात ती पडू नये म्हणून कड्यांच्या खालच्या अंगाला फळ्या ठोकायच्या. फळ्या आल्या की सुताराचे हात शिवशिवणार, मग त्यांवर कमळं आणि वेलबुट्टी.

स्वयंपाकघराच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. तिथे चूल, आणि धुराला वाट हवी. कोकणात चुलीच्या वर थेट कौलं, देशावर माळवदाला सवणं. दर पावसाळ्यात काळंकुट्ट होणाऱ्या लाकडावर कोण कमळ कोरणार? शिवाय धुरामुळे लाकडाला कीड कमी लागे, तेव्हा काजळी हीच तिथली फुकटची तक्तपोशी.

चुलीच्या डोक्यावर काहीतरी बांधायची खरी रीत गुजराती जैन घरांतली. चूल, पाण्याची जागा, जातं यांच्यावर कापडाचा चंदरवा ताणायचा, म्हणजे वरून किडामुंगी पडून तिचा जीव जाणार नाही आणि अन्नही बिघडणार नाही. चंदरव्याच्या देवळातल्या भावंडावर पुढे जरीकाम चढलं. चुलीवरचा मात्र साधाच राहिला.

साहेबानेही हिंदुस्थानातल्या बंगल्यांत कापडच ताणलं. शाकारलेल्या छपराखाली चुना फासलेलं कापड बांधलं की खालून पाहणाऱ्याला गिलाव्याचं छत वाटे. वर उंदीर आणि त्यांच्या मागे साप सुखाने नांदत. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या १८९१ मधल्या ‘द रिटर्न ऑफ इमरे’ या गोष्टीत याच कापडामागे साप दडतात, आणि त्यांना हुसकायला गेलेल्यांच्या पुढ्यात बंगल्यात आधी राहणाऱ्या बेपत्ता माणसाचं प्रेत येऊन पडतं. माती, मुंगी, साप, प्रेत. छत मढवण्याच्या कुळकथेत पहिलं पात्र नेहमी वरून पडणारी वस्तू असते, शोभा मागून येते.

याचा सर्वांत भव्य दाखला ऑस्ट्रेलियातला. सिडनीच्या टाउन हॉलमध्ये १८८९ साली सेंटेनियल हॉल तयार झाला. त्यात बसवायचा होता लंडनच्या विल्यम हिल कंपनीचा अवाढव्य ऑर्गन, त्यातली एक नळी ६४ फुटी. एवढा खर्ज लागल्यावर भिंती हादरणार आणि गिलाव्याची फुलं श्रोत्यांच्या डोक्यात पडणार, अशी धास्ती होती. म्हणून गिलाव्याऐवजी ठशात दाबून नक्षी उठवलेला जस्ताचा पत्रा छताला लावला. तो पुरवणारे वुंडरलिख बंधू. त्यांतला अर्नेस्ट जेमतेम चार वर्षांपूर्वी, १८८५ मध्ये, सिडनीत उतरला होता. संगीताच्या भीतीने एका कारखान्याचं नशीब उघडलं, असं म्हणायला हरकत नाही.

अमेरिकेत अशाच पत्र्याला ‘टिन सीलिंग’ म्हणत. प्रत्यक्षात तो पातळ पोलादी पत्रा. खाली एक ठसा, वर दोराने ओढून धरलेला जड घण. दोर सोडला की धाडकन एका घावात फूल उमटे. मिसुरी राज्यातल्या नेवाडा गावी १८९८ मध्ये सुरू झालेल्या डब्ल्यू. एफ. नॉर्मन कंपनीने दोराचे हे घण पुढे शंभर वर्षांहूनही जास्त काळ चालवले. पत्रे लाकडी पट्ट्यांवर खिळ्यांनी ठोकायचे आणि बहुधा पांढरा रंग द्यायचा, म्हणजे श्रीमंताघरच्या गिलाव्याची नक्कल होई. पत्रा पेट घेत नाही, हा त्याचा मोठा गुण. (१८२८ मध्ये शनिवारवाडा जळाला, त्यात वाड्याचं लाकूडच सरपण झालं होतं.) वाफेने तो फुगत नाही, ओल्या फडक्याने पुसता येतो. एवढ्या गुणांवर तो स्वयंपाकघरात शिरला नसता तरच नवल. पुढे महायुद्धांनी पोलाद ओढून नेलं आणि जिप्समच्या स्वस्त फळ्यांनी उरलेली जागा घेतली.

आपल्याकडे स्वयंपाकघराच्या छताला हात लागायला धूर जावा लागला. स्टोव्ह आला, मग गॅस, मग चिमणी. तेव्हा कुठे फोडणीचे तेलकट डाग डोळ्यांत भरायला लागले. पीओपी, म्हणजे पॅरिसचं प्लास्टर, दिवाणखान्यात शोभतं. वाफेत ते ओल धरतं. म्हणून पीव्हीसीची पट्टी. काकूंना मी एवढं सगळं सांगितलं नाही.

कारागीर आधी पाणी भरलेल्या नळीने चारही भिंतींवर एक पातळी आखतो. कडेने पत्र्याचे चॅनेल, मध्ये दोन-दोन फुटांवर आडवे. पट्टी साधारण १० इंच रुंद, आतून पोकळ. तिच्या कडेला स्क्रू बसतो आणि पुढच्या पट्टीची जीभ त्या खाचेत शिरली की स्क्रू झाकला जातो. शेवटची पट्टी कापून, किंचित वाकवून आत सरकवावी लागते, तिथे हात कळतो. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे चिमणी नसेल तर शेगडीच्या थेट वरचा भाग तो मोकळा ठेवायला सांगतो. जिथे छत सर्वांत काळं, नेमकं तिथेच.

जाताना त्याने दिव्यासाठी पाडलेलं भोक सिलिकॉनने नीट बंद केलं. का, विचारलं तर म्हणाला, “पाल खाली पडते, ताई. एकदा एका घरी आमटीत पडली होती.”