मोजणारे आणि मोजले जाणारे

आमच्या पिशोर परिसरातली माणसे खुलताबादेस जातात ती भद्रा मारुतीला किंवा दर्ग्यांना. मलिक अंबरच्या कबरीकडे क्वचितच कोणी वळते. इथिओपियात जन्मलेला, बाजारात अनेकदा विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने विकत घेतला. हा पेशवाही हबशीच. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला आणि पुढे १६०० पासून १६२६ पर्यंत, मरेतो, मोगलांशी झुंजत राहिला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, जमिनीखालच्या नहरीने तिला पाणी दिले. त्याच खडकीचे पुढे फतेहनगर, औरंगाबाद आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. ज्याने वस्ती उभी केली तो नावांच्या या भांडणात कोणाच्याच बाजूला नाही.

अंबरवर १९३४ मध्ये जोगिंद्रनाथ चौधुरींनी, १९६८ मध्ये राधेश्याम यांनी ग्रंथ लिहिले. पण ते झाले एका सेनानीचे चरित्र. गुजरातेतले, उत्तर कन्नडच्या रानातले सिद्दी कोण, हा प्रश्न फार उशिरा ऐरणीवर आला. जानेवारी २००६ मध्ये ‘तादिया’ या आशियातील आफ्रिकी वंशजांचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांच्या जाळ्याने गोव्यात परिषद भरवली. २००८ मध्ये बंगळूरहून त्यांचा लेखसंग्रह निघाला. परिषदेला गोवा हे स्थळ योग्यच होते. पोर्तुगीजांनी मोझांबिकमधून गुलाम आणले ते याच किनाऱ्यावर. कर्नाटकातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला २००३ साली. स्वातंत्र्यानंतर ५६ वर्षांनी!

हे संशोधन मोलाचे आहे, यात वाद नाही. तरीही एक शंका मनात राहते. सिद्दींचे केस, त्यांचे ढोल, त्यांचा नाच यांवर अभ्यासकाची नजर चटकन स्थिरावते. त्यांच्या जमिनीवर, मजुरीवर, कर्जावर ती तितकी का रेंगाळत नाही? मोजपट्टी आम्हालाही परिचयाची आहे. रिस्लेने नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड लावली होती. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ मध्ये तसलीच मापे हाती घेऊन दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश निराळे नाहीत. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात जातीवरचा निबंध वाचणारा विद्यार्थी स्वतःच त्या मोजल्या जाणाऱ्यांपैकी होता. फरक पडतो तो इथे.

अंबरचा अभिमान बाळगतानाही सावध राहिले पाहिजे. गुलाम धन्याकडून मोकळा होऊन राज्याचा सूत्रधार होऊ शकला. महाराला त्याच्या जातीतून मोकळा करणारा धनी कोण होता? आणि अंबरच्या नहरीचे पाणी महारवाड्यात कोणाच्या हाताने पडत असे, हे विचारायला आपल्या संशोधक विद्यार्थ्यांनी दुसऱ्या कोणाच्या परिषदेची वाट का पाहावी? १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अशी वाट पाहिली नाही. अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे कळताच त्यांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून त्याच्या प्रती मागवल्या, आणि त्याच वर्षीच्या जुलैत त्यांना उत्तरही आले.