रांग कुठे अडते?

आमच्या पलूस तालुक्यातलं कुंडल स्वातंत्र्यापूर्वी औंध संस्थानात होतं. हे संस्थान सलग नव्हतं. साताऱ्यापासून विजापूरपर्यंत विखुरलेले तुकडे, मधे ब्रिटिश मुलूख, एकूण ७२ गावं. जानेवारी १९३९मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी इथे नवी राज्यघटना आणली. तिच्यामागे गांधीजींचा सल्ला होता, राजपुत्र अप्पासाहेब पंत होते आणि मॉरिस फ्रीडमन हा पोलिश इंजिनिअरही. गावाने आपली पंचायत निवडायची, त्यातून तालुका पंचायत, तिथून विधिमंडळ. गावचा तंटा गावातच मिटावा, कचेरीचे हेलपाटे वाचावेत.

मॅस्टोडॉनची रचना मला याच जातीची वाटते. २०१६मध्ये ऑयगन रोश्को या जर्मनीतल्या तरुणाने ते सुरू केलं. एकच कंपनी, एकच सर्व्हर असं काही नाही. कुणीही आपला सर्व्हर चालवावा आणि बाकीच्यांशी ॲक्टिव्हिटीपब या सामाईक भाषेत बोलावं. जानेवारी २०१८मध्ये ती भाषा अधिकृत वेब-मानक झाली.

पण विखुरलेपणाची किंमत असते, ती म्हणजे उशीर. तुम्ही पोस्ट टाकली की ती आधी डेटाबेसमध्ये जाते. मग तुमचे फॉलोअर्स ज्या ज्या सर्व्हरवर आहेत, त्या प्रत्येकासाठी एक काम रांगेत लागतं. साइडकिक नावाचा प्रोग्रॅम ही कामं उचलतो. समोरचा सर्व्हर बंद असेल तर काम पुन्हा रांगेत, दर वेळी जास्त अंतराने. म्हणून पोस्ट उशिरा पोचल्या तर इंटरनेटचा वेग तपासून भागत नाही, रांग कुठे अडली ते पाहावं लागतं.

२७ ऑक्टोबर २०२२ला ईलॉन मस्कने ट्विटर ताब्यात घेतलं आणि लोंढा मॅस्टोडॉनकडे वळला. क्रिस नोव्हा या इंजिनिअरच्या घराच्या तळघरात हॅकीडर्म नावाचा सर्व्हर चालायचा. महिन्याभरात तिथले सदस्य काही शेकड्यांवरून तीस हजारांवर गेले आणि पोस्ट रखडू लागल्या. मशीन अनेक होती, पण त्यांच्या फायली एकाच मशीनच्या डिस्कवर होत्या. ती डिस्क दमली की सगळे तिच्या दारात ताटकळत. अशा वेळी साइडकिकचे कामगार वाढवले तर डिस्कपुढची गर्दीच वाढते. शेवटी फोटो-व्हिडिओ बाहेरच्या स्टोरेजवर हलवले आणि सर्व्हरने तळघर सोडलं.

पलूसमधल्या घरी मी मित्रमंडळींसाठी छोटा सर्व्हर चालवतो. तिथेही गेल्या पावसाळ्यात पोस्ट तासतासभर उशिरा पोचत होत्या. नेटवर्क ठीक, प्रोसेसर निवांत, पण रांग लांबलेली. कामगार डेटाबेससाठी थांबलेले, डेटाबेस जुन्या फिरत्या डिस्कसाठी. डेटाबेस एसएसडीवर नेला आणि रांग अर्ध्या तासात रिकामी झाली.

हॅकीडर्मचा इतिहास वाचून तेव्हापासून एक गोष्ट मनात घर करून आहे. विकेंद्रित म्हणवणाऱ्या व्यवस्थेच्या पोटातही एखादं केंद्र लपलेलं असतं. कधी ती डिस्क असते, कधी माणूस. औंधची घटना राजाच्या इच्छेने आली होती. १९४८मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि त्याबरोबर तो प्रयोगही संपला. गावांना तो स्वतःच्या बळावर टिकवण्याची सोय नव्हती. उलट ऑगस्ट २०२३मध्ये गिर्यारोहण करताना क्रिस नोव्हाचा मृत्यू झाला, तरी हॅकीडर्म चालू राहिला. कारण तोवर तो निव्हेनली फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखाली गेला होता आणि सांभाळणारे हात अनेक होते.

डिस्क बदलणं सोपं होतं. त्यानंतर मी सर्व्हरचे पासवर्ड, बॅकअपची जागा आणि बंद पडल्यास काय करायचं याची दोन पानं मराठीत लिहून किर्लोस्करवाडीच्या एका मैत्रिणीकडे दिली. मागच्या महिन्यात तिने मला न विचारता सर्व्हर एकदा बंद करून पुन्हा चालू केला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.