राक्षस कोणी शिवला?

मी बिबवेवाडीहून बोलतेय. लेकीकडे वेल्समधल्या कार्डिफला गेले होते, तेव्हा २०१६ साली ‘डॉक्टर हू’ मालिकेचं प्रदर्शन पाहिलं. बीबीसीवर ती २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली. तिची पहिली निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, वय अवघं २७. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा!

काचेमागे परग्रहावरचे राक्षस उभे होते. आधी दचकले, मग शिवणच बघत बसले. ‘डालेक’ नावाच्या राक्षसाचा हात म्हणजे मोरी तुंबल्यावर वापरायचा रबरी पंप! १९६६ सालच्या ‘सायबरमन’चे पोशाख सँड्रा रीड या बाईंनी घडवले. त्यांच्या तोंडावर चक्क कापड. पैसा थोडा, पण युक्ती मोठी.

मला आपल्या जव्हार-मोखाड्याचा बोहाडा आठवला. तिथेही मुखवटे चढवून देव आणि राक्षस रात्री नाचतात.

सँड्राबाईंचं नाव कुणीतरी लिहून ठेवलं, म्हणून आज ते मला सांगता आलं. आपल्या गावच्या सोंगांचे कपडे कुणी शिवले? म्हाताऱ्या बायांना विचारा आणि या बैठकीत ती नावं गटाच्या वहीत लिहा.