शिक्षकांकडून शिफारसपत्र कसे मागावे : पांढुर्णा-सौंसर परिसरातील विद्यार्थी व पालकांसाठी

बारावीच्या किंवा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मुले गेली की मंडळातील पालकांचे आम्हाला फोन येतात. पूर्वी ते शैक्षणिक कर्जाविषयी विचारत. आता काही जण विचारतात, "कॉलेजवाले सरांचे पत्र मागतात, ते कुठून आणायचे?" आपल्या भागात हा प्रकार नवा असल्याने जमा केलेली माहिती येथे देत आहोत.

प्रथम हे सांगतो की बहुतेकांना या पत्राची गरजच नाही. मध्य प्रदेशातील शासकीय महाविद्यालयांचे ई-प्रवेश, नीट, जेईई, सीयूईटी यांपैकी कशालाही शिक्षकाचे पत्र लागत नाही. ते लागते परदेशातील बऱ्याच विद्यापीठांना आणि अनेक शिष्यवृत्त्यांना. देशात बंगळूरची इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेस व इतर दोन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधनासाठी विद्यार्थी निवडतात, त्या अर्जालाही शिक्षकाची शिफारस लागते. ही संधी आपल्याकडच्या बी.एस्सी.च्या मुलांच्या आवाक्यातली आहे, पण ठाऊक फार थोड्यांना असते.

शिफारसपत्र म्हणजे टी.सी.बरोबर मिळणारे चारित्र्य प्रमाणपत्र नव्हे. "सदर विद्यार्थ्याची वर्तणूक चांगली होती" हे प्राचार्य सर्वांसाठी एकाच छापील कागदावर लिहून देतात. शिफारसपत्रात हा मुलगा इतरांहून कसा वेगळा आहे आणि ते आपल्याला कसे कळले, हे शिकवणाऱ्या माणसाने सांगायचे असते. आमच्या ओळखीच्या एका घरी चारित्र्य प्रमाणपत्रच अपलोड केले गेले. अर्ज अपूर्ण राहिला आणि मुदत गेली तेव्हा ते कळले.

आम्ही बँकेत लागलो तेव्हा खाते उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागत असे. "या इसमास मी इतक्या वर्षांपासून ओळखतो" यावर त्याची सही घ्यायची. पुष्कळ लोक काउंटरजवळ उभ्या असलेल्या कुणाचीही सही आणत. पुढे खात्यात भानगड निघाली की आम्ही त्या सहीवाल्याला बोलवायचो आणि तो म्हणायचा, "साहेब, मी तर त्याला ओळखतच नाही." शिफारसपत्राचेही तसेच आहे. वजन ओळखीला असते. आमदारांचे, नगरपालिका अध्यक्षांचे किंवा नात्यातल्या मोठ्या अधिकाऱ्याचे पत्र पालक हौसेने आणतात. विद्यापीठाला त्याचा उपयोग नसतो, कारण त्यांनी मुलाला वर्गात पाहिलेले नसते.

याचे मोठे उदाहरण आपल्याच भाषेतले आहे. कृष्णराव अर्जुन केळुसकर मुंबईच्या विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कूलचे, म्हणजे त्यांच्या शाळेतलेही नव्हते. पण चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा केळुसकर गुरुजींनी हेरला होता. पुढे पैशांअभावी कॉलेजचे शिक्षण अडले तेव्हा त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1913 साली आंबेडकर बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील प्राध्यापक सेलिग्मन यांनी 1920 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्यासाठी पत्र लिहिले. गुरुजी काय किंवा सेलिग्मन काय, दोघांनी माणूस जवळून पाहिला होता.

म्हणून पत्र कुणाकडे मागायचे याचा विचार गुणांवरून करू नये. ज्या विषयात 95 मिळाले त्या सरांना कदाचित नावही आठवणार नाही. ज्यांच्या तासाला मूल शंका विचारत असे, प्रयोगशाळेत थांबत असे किंवा नापास होता होता सावरले, ते सर जास्त लिहू शकतील. आपल्या महाविद्यालयांत एक अडचण वेगळी आहे. बरेच विषय अतिथी विद्वान शिकवतात आणि पुढच्या सत्रात ते दुसऱ्या गावी गेलेले असतात. शाळांतही बदल्या होतात. तेव्हा ज्यांच्याशी जमले त्यांचा फोन नंबर व ई-मेल वर्ष संपण्यापूर्वीच घेऊन ठेवावा, आणि दिवाळी-संक्रांतीला नमस्कारही कळवावा. गरज पडल्यावरच आठवण काढलेली सरांनाही कळते.

वेळेचे गणित नीट समजून घ्यावे. अमेरिकेतील लवकरच्या फेरीची मुदत अनेक ठिकाणी 1 नोव्हेंबरला संपते, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज व वैद्यकीय शाखेसाठी अर्ज ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जातो, इतरांसाठी जानेवारीच्या मध्यापर्यंत. मधल्या काळात आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या सुट्या, सहामाही, आणि अधूनमधून शिक्षकांची निवडणुकीची कामे. आम्ही पालकांना सोपी खूण सांगतो : पोळ्याच्या आधी सरांना भेटा. गोटमार झाली, गणपती बसले की पुढचे दिवस कसे जातात ते कळत नाही.

भेटायला मुलाने किंवा मुलीने स्वतः जावे, वडिलांनी नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपवर "सर एलओआर पाहिजे" एवढे टाकू नये. "सर, मी अमुक ठिकाणी अर्ज करतो आहे. माझ्याबद्दल चांगले लिहिता येईल असे आपल्याला वाटते का?" असे विचारावे. सर घुटमळले तर आग्रह न धरता दुसरीकडे जावे. अर्ध्या मनाने लिहिलेले पत्र नुकसान करते. सर हो म्हणाले तर एका पानावर माहिती द्यावी : अंकसूची, कोणता अभ्यासक्रम, का, शेवटची तारीख, आणि सरांच्या वर्गातल्या दोन-तीन आठवणी. घरची परिस्थितीही लिहावी. संत्र्याच्या बागेत काम करून शिकणे, शाळेत प्रयोगशाळा नसणे, घरी मराठी आणि शाळेत हिंदी, या गोष्टी परदेशातल्या माणसाला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाहीत. ब्रिटनच्या यूकास अर्जात 2024 च्या प्रवेशापासून संदर्भाचे तीन भाग केले आहेत. त्यात एक शाळेविषयी आणि एक विद्यार्थ्याच्या अडचणींविषयी आहे.

आता नाजूक मुद्दा. बरेच सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." यात त्यांचा आळस कमी आणि इंग्रजीचा संकोच जास्त असतो, हे आम्ही पाहिले आहे. तरीही मुलाने स्वतःचे पत्र लिहू नये. अर्जातला निबंध आणि पत्र एकाच हाताचे वाटले की दोन्हींवरचा विश्वास जातो. सरांनी मराठीत किंवा हिंदीत सांगावे, शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडमनी उतरवून द्यावे, सरांनी वाचून स्वतः पाठवावे. काही विद्यापीठे अनुवादासह मूळ भाषेतले पत्रही घेतात. तो नियम आधी पाहून ठेवावा.

पत्र मुलाच्या हाती येत नाही. सरांच्या ई-मेलवर एक दुवा येतो आणि ते तेथूनच पाठवतात. शक्यतो संस्थेचा ई-मेल असावा. नसेल तर संस्थेच्या लेटरहेडवर पत्र, पद आणि फोन नंबर असावा. अमेरिकेच्या कॉमन अ‍ॅप अर्जात पत्र पाहण्याचा हक्क सोडतो का, असे विचारतात. तो सोडावा, म्हणजे सरांनी मोकळेपणाने लिहिले असे मानले जाते. तेथे शाळेच्या समुपदेशकाचेही पत्र लागते. आपल्या शाळांत असे पद सहसा नसते, ते काम प्राचार्य करू शकतात. दुवा पुष्कळदा स्पॅममध्ये जातो, म्हणून पाठवल्यावर दोन दिवसांनी सरांना फोन करून विचारावे. मुदतीच्या आठवडाभर आधी एकदा आठवण द्यावी आणि निकाल काहीही लागला तरी पेढे घेऊन सरांच्या घरी जावे.