लोरेन्झ, मी आणि सूक्ष्म गोल : एका सिद्धांताच्या नावाचा इतिहास

एखाद्या सिद्धांताला जे नाव चिकटते ते त्याच्या जन्माचा दाखला असतेच असे नाही. पुष्कळदा ती त्याच्या प्रवासाची नोंद असते. सूक्ष्म गोलावर पडणारा प्रकाश कसा विखुरतो, या प्रश्नाचे संपूर्ण गणिती उत्तर आज जगभर जर्मन पदार्थवैज्ञानिक गुस्टाफ मी यांच्या नावाने ओळखले जाते. मी यांचा निबंध १९०८ सालचा. परंतु त्यापूर्वी १८ वर्षे, म्हणजे १८९० मध्ये, कोपनहेगन येथील लुडविग लोरेन्झ यांनी हेच उत्तर डॅनिश भाषेत प्रसिद्ध केले होते. ते दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. एका लहान भाषेत लिहिल्यामुळे असे झाले, हे स्पष्टीकरण सहज सुचते. ते कितपत पुरेसे आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. मराठीतून शास्त्रीय संशोधन लिहू इच्छिणाऱ्यांस हा प्रश्न केवळ परक्या इतिहासाचा वाटू नये.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. गोल तरंगलांबीच्या मानाने अतिशय लहान असेल तर प्रकीर्णनाचा नियम सोपा आहे. प्रकीर्ण प्रकाशाची तीव्रता तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, हे पुढे लॉर्ड रॅले या नावाने प्रसिद्धी पावलेल्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये दाखविले. ०.४ मायक्रॉन तरंगलांबीचा जांभळा प्रकाश ०.७ मायक्रॉनच्या तांबड्या प्रकाशाहून सुमारे ९ पट अधिक विखुरतो. आकाशाच्या निळेपणाचे मूळ येथे आहे. उलट गोल फारच मोठा असेल, तर किरणांचे परावर्तन आणि प्रणमन यांचा भूमितीय विचार बव्हंशी पुरतो. खरी अडचण मधल्या प्रदेशात येते. गोलाचा परीघ आणि तरंगलांबी ही एकमेकांशी तुलनीय झाली की दोन्ही सोपे मार्ग बंद होतात. मग गोलाच्या आतील व बाहेरील तरंग अनंत मालिकेच्या रूपाने मांडून, गोलाच्या पृष्ठभागावर त्यांचा सांधा जुळविण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

लोरेन्झ यांनी नेमके हेच केले. एल्सिनोर येथे १८२९ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ कोपनहेगनच्या लष्करी विद्यालयात दीर्घकाळ अध्यापक होता. आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानाच्या साहाय्यामुळे त्यास संशोधनासाठी निवांतपणा लाभला. समतल तरंगांनी प्रकाशित झालेल्या गोलाच्या आत व बाहेर प्रकाशाची गती कशी असते, या विषयावरील त्याचा निबंध डॅनिश विज्ञान अकादमीच्या ग्रंथमालेत १८९० मध्ये आला. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, लोरेन्झ निवर्तले. ग्रंथकर्ताच गेल्यामुळे त्या निबंधाचा पाठपुरावा करणारे कोणी राहिले नाही.

येथपर्यंतची हकीकत भाषेच्या स्पष्टीकरणास पोषक दिसते. परंतु एक गोष्ट त्याच्या आड येते. लोरेन्झ यांच्या समग्र शास्त्रीय लेखनाचे फ्रेंच भाषांतर कोपनहेगनमध्येच प्रसिद्ध होऊ लागले, आणि प्रस्तुत निबंध त्यात १८९८ मध्ये समाविष्ट झाला. फ्रेंच ही त्या काळच्या विद्वत्जगताची सर्वमान्य भाषा. म्हणजे मी यांच्या निबंधापूर्वी १० वर्षे हे उत्तर फ्रेंचमध्ये उपलब्ध होते. तरीही ते वाचले गेले नाही. भाषांतर झाले म्हणजे ज्ञान पोहोचले, ही समजूत या एका दाखल्याने ढळते.

मग अडसर कोठे होता? माझ्या मते तो शब्दांच्या भाषेइतकाच, किंबहुना अधिक, चिन्हांच्या आणि कल्पनांच्या भाषेत होता. लोरेन्झ यांनी आपला विचार मॅक्सवेलच्या विद्युत् चुंबकीय समीकरणांवर आधारलेला नव्हता. प्रकाशाविषयी त्यांची स्वतःची, स्वतंत्रपणे रचलेली समीकरणे होती. त्यांतून निघणारे उत्तर अचूक होते. परंतु हर्ट्झ यांच्या १८८७-८८ च्या प्रयोगांनंतर सारा शास्त्रव्यवहार मॅक्सवेलच्या परिभाषेत चालू लागला होता. त्या परिभाषेत न बोलणारा निबंध फ्रेंचमध्ये छापला गेला तरी एका अर्थी डॅनिशच राहिला. व्यक्तिगत परिभाषा ही सर्वांत लहान बोली होय. तिचा भाषक एकच असतो.

नामसादृश्यानेही लोरेन्झ यांचे नुकसान केले. प्रणमनांक आणि घनता यांचा संबंध सांगणारे सूत्र त्यांच्या आणि हॉलंडच्या हेंड्रिक लोरेन्ट्स यांच्या संयुक्त नावाने ओळखले जाते, हे ठीकच झाले. परंतु विद्युत् चुंबकीय विभवांवरील जी अट लोरेन्झ यांनी १८६७ मध्ये मांडली, ती अनेक पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ लोरेन्ट्स यांच्या नावे छापली गेली. दोन्ही नावांत फरक काय तो एका ‘ट्’ चा. प्रसिद्ध नाव अप्रसिद्ध नावास गिळते, हा नियम येथेही चुकला नाही.

आता मी यांच्याकडे वळू. (मराठीत हे आडनाव प्रथमपुरुषी सर्वनामाशी जुळते, त्यामुळे ‘मी यांचा सिद्धांत’ वाचताना वाचक क्षणभर अडखळतो, परंतु त्यास इलाज नाही.) १८६८ मध्ये रोस्टोक येथे जन्मलेले मी १९०८ मध्ये ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्यापुढचा प्रश्न गोलाचा नव्हताच. तो रंगाचा होता. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असता ते कलिल माणकासारखे लाल का दिसते, आणि कण मोठे होताच निळसर का होते? फॅराडे यांनी १८५७ मध्ये या रंगांचा प्रयोगपूर्वक अभ्यास केला होता. झिग्मोंडी आणि झीडेन्टोप्फ यांच्या अतिसूक्ष्मदर्शकाने विसाव्या शतकाच्या आरंभी या कणांचे अस्तित्व डोळ्यांना प्रत्यक्ष करून दिले. कलिले हा तेव्हाचा ऐन चर्चेचा विषय होता. मी यांनी मॅक्सवेलची समीकरणे घेतली, सोन्याचे प्रकाशीय स्थिरांक घातले, मालिकेतील पहिली मोजकी पदे हाताने गणिली आणि रंगांची उपपत्ती लावून दाखविली. त्यांच्या निबंधास वाचक मिळाला, कारण वाचकाचा प्रश्न आधीच तयार होता.

येथवर पाहता असे वाटेल की मी यांचे लेखन तरी संपूर्ण वाचले गेले. तेही तसे घडले नाही. त्यांच्या मालिकेतील प्रत्येक पदाच्या छेदस्थानी अशी राशी आहे की गोलाचा आकार आणि तरंगलांबी यांच्या विशिष्ट गुणोत्तरांस ती अत्यल्प होते, आणि ते पद एकाएकी उसळते. हेच गोलाचे अनुस्पंदन. सोन्याच्या लहान कणांत पुढची पदे नगण्य असल्याने त्यांची तीक्ष्ण अनुस्पंदने मी यांच्या गणितात दिसण्याचे कारण नव्हते. पारदर्शक आणि मोठ्या गोलांत मात्र ती विलक्षण प्रखर असतात. जर्मन भाषेत, नामांकित नियतकालिकात छापलेल्या सूत्रांत हा आशय अर्धशतकाहून अधिक काळ बव्हंशी निद्रिस्त राहिला.

त्यास जाग आली ती ध्वनिशास्त्रातून आलेल्या एका शब्दाने. लंडनच्या सेंट पॉल प्रार्थनामंदिराच्या घुमटाखाली भिंतीशी कुजबुजलेले शब्द दूरवर भिंतीलगतच ऐकू येतात. ध्वनी वक्र भिंतीस बिलगून प्रवास करतो, असे रॅले यांनी प्रतिपादिले आणि १९१० मध्ये त्याचे तरंगगणित मांडले. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये सदरलँड यांच्यासह सेंट पॉल येथे प्रयोग केले, आणि पुढे विजापूरच्या गोल घुमटाचाही या दृष्टीने विचार केला. गोल घुमटात उभे राहून ज्याने कुजबुज ऐकली आहे, त्यास प्रकाशाचे हे वर्तन समजण्यास सायास पडू नयेत. काचेच्या गोलात शिरलेला प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने पृष्ठभागास बिलगून फिरतो. एका फेऱ्यात तरंगांची पूर्णांक संख्या बसली की अनुस्पंदन घडते. १०० मायक्रॉन व्यासाच्या सिलिका-गोलात १.५५ मायक्रॉनच्या प्रकाशाचे सुमारे २९० तरंग एका फेऱ्यात मावतात.

१९६० मध्ये लेसर अवतरला, आणि १९६१ मध्ये गॅरेट, कैसर व बाँड यांनी सॅमॅरियमयुक्त कॅल्शियम फ्लोराइडच्या गोलांत अशा ‘कुजबुजत्या’ तरंगांवर लेसरक्रिया घडवून आणली. १९७७ मध्ये अॅश्किन आणि झेड्झिक यांनी लेसरच्या दाबाने अधांतरी तोललेल्या थेंबांवर तरंगलांबी बदलीत नेली, तेव्हा विशिष्ट तरंगलांब्यांस प्रकाशाचा दाब एकदम वाढत असल्याचे दिसले. गोलावरील प्रकाशदाबाचे गणित पीटर डेबाय यांनी १९०९ मध्येच केले होते. प्रयोगाने त्यास गाठावयास ६८ वर्षे लागली. १९८९ मध्ये ब्रागिन्स्की, गोरोडेत्स्की आणि इल्चेन्को यांनी वितळविलेल्या सिलिकाचे गोल उच्च गुणतेचे अनुस्पंदक म्हणून पुढे आणले. १९९६ पर्यंत त्यांची गुणता ८ अब्जांच्या घरात गेली. याचा अर्थ असा की १ मिलिमीटरहूनही लहान गोलात तांबडा प्रकाश विझण्यापूर्वी सुमारे अर्धा किलोमीटर प्रवास करतो. एवढ्या दीर्घ वास्तव्यामुळे पृष्ठभागावर चिकटलेले प्रथिनांचे विरळ थरही अनुस्पंदनाची जागा ढळवितात. सूक्ष्म लेसर, गाळण्या आणि संवेदक अशा फोटॉनिक साधनांचा एक वर्ग यावर उभा आहे.

१९६५ मध्ये नेल्सन लोगन यांनी गोलावरील जुन्या संशोधनाचा आढावा घेऊन लोरेन्झ यांचे श्रेय पुन्हा पुढे मांडले, आणि आता पुष्कळ लेखक ‘लोरेन्झ-मी सिद्धांत’ असे म्हणतात. न्याय झाला, पण उशिरा.

या इतिहासातून मराठीपुरता निष्कर्ष काढावयाचा तर तो असा. लहान भाषेत लिहिल्याने ज्ञान लुप्त होते, हे भय अर्धसत्य आहे; मोठ्या भाषेत लिहिलेलेही वाचकापाशी प्रश्न नसेल तर निद्रिस्तच राहते. खरा धोका निराळा आहे. आपल्याकडे एक लेखक ‘प्रकीर्णन’ म्हणतो, दुसरा ‘विकीर्णन’, तिसरा ‘विकिरण’. आणि तोच तिसरा शब्द चौथ्याच्या लेखनात किरणोत्सर्जनासाठी येतो. प्रत्येकाने आपापली परिभाषा घडविली, तर मराठीत लिहूनही आपण मराठी वाचकासाठी लिहिले असे होणार नाही. लोरेन्झ यांना डॅनिश भाषेने जेवढे एकाकी केले, त्याहून अधिक त्यांच्या एकट्याच्या परिभाषेने केले. भाषा आपण निवडलेली आहे; परिभाषा मात्र सर्वांनी मिळून ठरवावी लागेल.