कीचक कोठे राहतो?



मी काही विद्वान नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते साखर कारखान्याच्या रात्रपाळीत आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा साहित्याची समीक्षा करण्याचा अधिकार मला नाही. परंतु सत्ता माणसाला कशी फिरवते हे मी जवळून पाहिले आहे, आणि ते ओळखायला तीन कलाकृतींनी मला शिकवले. त्यांचीच हकीकत आज पिंपळीकरांपुढे मांडतो.

१९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले. कथा महाभारतातली, सर्वांना ठाऊक असलेली. पण द्रौपदीच्या विटंबनेत प्रेक्षकांना परतंत्र देश दिसे, कीचकाच्या मदात बंगालची फाळणी करणारा लॉर्ड कर्झन दिसे. कंकभटाच्या संयमात मवाळ आणि बल्लवाच्या बाहूंत जहाल दिसत. कर्झनचे नाव नाटकात कोठेही नव्हते. तरी १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. रूपकाची गंमत ही आहे की, बंदी घालणाऱ्याला आधी मनाशी कबूल करावे लागते, कीचक म्हणजे आपणच! मध्यंतरी १९०८ साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्यांतल्या किती जणांनी ते नाटक पाहिले असेल कोण जाणे. पण कीचक ओळखायला त्यांना तिकीट लागले नाही.

तो कीचक परका होता. म्हणून त्याला ओळखणे सोपे. घरचाच माणूस कीचक झाला तर?

हा प्रश्न जॉर्ज ऑर्वेलने विचारला. हा इंग्रज लेखक १९०३ साली आपल्या बिहारात, मोतीहारीला जन्मला. १९१७ च्या रशियन क्रांतीचे पुढे स्टालिनच्या हाती काय झाले, ते त्याने ‘ॲनिमल फार्म’मध्ये जनावरांच्या गोष्टीतून सांगितले. स्टालिन तेव्हा युद्धातला दोस्त. म्हणून अनेक प्रकाशकांनी पुस्तक नाकारले. अखेर ते १९४५ साली निघाले. त्यात जनावरे जुलमी मालकाला हाकलतात, भिंतीवर समतेचे नियम लिहितात. मग डुकरे रात्रीतून एकेक नियम बदलत जातात. राबणारा घोडा नेत्यावर विश्वास ठेवून मरेस्तोवर राबतो आणि शेवटी त्याच्याच नेत्यांकडून खाटकाला विकला जातो. कामगाराने हे पान कोरड्या डोळ्यांनी वाचावे, हे शक्य नाही.

तिसरी कलाकृती विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’. १७९१ साली कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेल्यावर पुण्याच्या जमावाने घाशीरामाला ठार मारले, हा इतिहास. १९७२ च्या या नाटकावर गहजब झाला, तो नाना फडणविसांच्या चित्रणावरून. पण नाटकाचा रोख पाहा: घाशीराम मरतो, त्याला कोतवाल करणारा मात्र सुखरूप राहतो.

आता स्वतःचे सांगतो. आमचा एक संप यशस्वी झाला, करार झाला. मला कचेरीत टेबल आणि फिरती खुर्ची मिळाली. बॉयलरवरचे एक वडीलधारे कामगार अर्ज घेऊन आले. एरवी मला अरेतुरे करणारे तात्या त्या दिवशी दारात चपला काढून उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब.” मी अर्ज घेतला, बसा म्हणालो नाही. रात्री झोप लागेना. सकाळी त्यांच्या घरी गेलो, चूक कबूल केली. ते म्हणाले, “लेका, खुर्ची उंच झाली. खालचं दिसंना तुला.”

तेव्हापासून युनियनचे नियम भिंतीवर लावले आहेत. बदल करायचा तर सर्वसाधारण सभेपुढेच. जमाखर्चही सभेत मोठ्याने वाचतो.

बारामती-इंदापूरच्या या उसाच्या मुलखात सहकार आला, तीही एक शांत क्रांतीच होती. कारखाना असो, सोसायटी असो की माझी युनियन. भिंतीवर काल काय लिहिले होते, हे सभासदानेच ध्यानात ठेवले पाहिजे. कीचक दरबारात वाढतो खरा, पण त्याला वाढवते ती सभेची मुकी मान.