पेशवे दप्तराची किल्ली

१७ नोव्हेंबर १८१७ रोजीं शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें आणि पुढच्या वर्षीं पेशवाई संपली. मुलुखाबरोबर विजेत्यांच्या हातीं हुजूर दप्तरही आलें. कोणत्या गांवाचा वसूल किती, कोणत्या घराण्यास कोणत्या सनदेनें इनाम मिळालें, कोणत्या सरदाराचा सरंजाम केवढा, हें सारें त्यांत मोडी लिपींत नोंदलेलें होतें. राज्य चालविण्यास ही माहिती अवश्य, म्हणून एल्फिन्स्टन साहेबाच्या अमदानींत हे कागद गोळा करून सरकारी पहाऱ्यांत ठेवण्यांत आले.

१८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले आणि दप्तराचें मोल एकदम वाढलें. एका कागदावर एखाद्या कुटुंबाची पिढीजात भाकरी टिकावयाची किंवा जावयाची. असा कागद कोणी पळवूं नये, त्यांत बनावट सनद घुसडूं नये, यासाठीं बंदोबस्त हवाच होता. पण अडचण निराळीच होती. इनामाच्या वादांत सरकार हाच एक पक्षकार, आणि दप्तराची किल्लीही त्याच्याच कमरेला! जुने कागद लोकांनीं पाहिले तर नवे दावे उभे राहतील, ही धास्तीही त्याच कुलपामागें दडली होती.

पुढें हें दप्तर पुण्यांतील एलिएनेशन ऑफिसच्या दगडी इमारतींत गेलें. सुमारें ३५,००० रुमाल तेथें बांधून होते. परंतु परवानगीवांचून आंत पाऊल टाकण्याची सोय नव्हती. गणेश चिमणाजी वाड यांनीं रोजनिशींतून वेंचे काढले. १९०० सालीं न्यायमूर्ति रानडे यांनीं त्यांच्याच आधारें आपला निबंध लिहिला. बाकीच्या अभ्यासकांना मात्र घरोघरच्या माळ्यांवर कागद धुंडाळावे लागले. राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ त निघाला, आणि १९१० त भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें.

१९१९ त हिंदुस्थान सरकारनें हिस्टॉरिकल रेकॉर्ड्स कमिशन नेमलें आणि दप्तर खुलें करण्याच्या मागणीस जोर आला. अखेर गव्हर्नर साइक्स यांच्या कारकीर्दींत, जदुनाथ सरकारांच्या पाठिंब्यानें, गोविंद सखाराम सरदेसाई यांस हें काम मिळालें. १९३० पासून अवघ्या कांहीं वर्षांत निवडक कागदांचे ४५ भाग बाहेर पडले. कार्य खरोखर प्रचंड. तरीही कोणता कागद निवडावा हें एका संपादकानें ठरवावें आणि इतरांनीं दाराबाहेर उभें राहावें, हें पुण्यांतील संशोधकांस रुचलें नाहीं. आज दप्तर महाराष्ट्र शासनाच्या ताब्यांत असून अभ्यासकांस अर्ज करून तें पाहतां येतें.

या शंभर वर्षांच्या तंट्याचें मूळ एकाच चुकींत आहे. कागद पाहणें, त्याची नक्कल घेणें आणि त्यांत फेरफार करणें हे तीन निरनिराळे अधिकार. त्या तिन्हींस एकच कुलूप घातलें गेलें. फेरफाराची भीति खरी होती, पण तिची शिक्षा वाचणाऱ्यास झाली. आज संगणकावरील फाइलींची देवघेव होते तेथें हे तीन अधिकार ज्याचे त्यास वेगवेगळे नेमून देतां येतात, आणि कोण केव्हां आलें याची नोंदही राहते. तरीही कोणास काय द्यावयाचें, हें यंत्र ठरवीत नाहीं; तें किल्ली बाळगणाराच ठरवितो. म्हणून कुलपाच्या मजबुतीइतकीच, किल्ली कोणाच्या हातीं आहे आणि तो कोणास जबाबदार आहे, याचीही चौकशी करणें अगत्याचें आहे.